आचारसंहितेत रोकड घेऊन निघताना: कागद, नाका, जप्ती आणि पैसे परत मिळवणं

विधानसभेची आचारसंहिता २०२४ साली १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. मधल्या पाच आठवड्यांत दिवाळी होती, सोयाबीन बाजारात येत होतं, कापसाची वेचणी चालू होती आणि उचल घेऊन ऊसतोड टोळ्या घराबाहेर पडण्याचे दिवसही हेच होते. त्याच वर्षी लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली तेव्हा लग्नसराई होती. गावाकडे रोकड जास्त फिरते त्याच दिवसांत रस्त्यांवर तपासणी नाके उभे राहतात.

हा लेख पहिल्यांदाच मोठी रक्कम घेऊन निघणाऱ्यांसाठी आहे. शेतकरी, लग्नघर, नवं दुकान टाकणारा पोरगा, टोळीचा मुकादम, दवाखान्यासाठी पैसे जमवून निघालेलं कुटुंब, अशा सगळ्यांसाठी. रोकड बाळगणं हा गुन्हा नाही. किती रोकड जवळ ठेवावी याची सरसकट मर्यादा सामान्य माणसावर नाही. तरी लोक अडकतात, आणि माझं निरीक्षण असं की ज्याचा पैसा खरा असतो तोच बऱ्याचदा कागदाशिवाय निघतो, कारण त्याला वाटतं, माझाच तर पैसा आहे, मला कोण विचारणार? विचारतात. त्यामुळे उत्तर कागदावर हवं.

५० हजारांच्या आकड्याचं खरं काय

“आचारसंहितेत ५० हजारांच्या वर रोकड नेता येत नाही” हे वाक्य दर निवडणुकीत फिरतं. निवडणूक आयोगाने २९ मे २०१५ रोजी रोकड जप्ती आणि मुक्ततेची जी कार्यपद्धती काढली, तिच्यात तसं म्हटलेलं नाही. तिथली ५० हजारांची मर्यादा आहे ती उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता बसलेल्या गाडीसाठी, किंवा प्रचाराचे फलक-पत्रकं असलेल्या गाडीसाठी. अशा गाडीत ५० हजारांहून जास्त रोकड सापडली तर ती जप्त होऊ शकते. मतदारांना वाटण्यासाठी नेल्या जात असाव्यात अशा १० हजारांहून जास्त किमतीच्या भेटवस्तू, किंवा दारू, अमली पदार्थ, शस्त्रं सापडली तरी तसंच.

त्याच कार्यपद्धतीत दुसरी एक तरतूद आहे, जी फारच थोड्या लोकांना माहीत असते. गाडीत १० लाखांहून जास्त रोकड मिळाली, पण कुठल्या गुन्ह्याचा संशय नाही आणि उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंधही दिसत नाही, तर नाक्यावरच्या पथकाने ती रोकड जप्त करायची नाही. फक्त आयकर खात्याला कळवायचं, पुढचं ते खातं बघेल.

प्रत्यक्षात नाक्यावर ५० हजारांच्या वर रक्कम दिसली की बहुतेक पथकं कागद विचारतातच. त्यांच्याही बाजूने बघा. समोरच्या माणसाच्या पिशवीतला पैसा कांद्याचा आहे की मतं विकत घेण्याचा, हे नोटेवर लिहिलेलं नसतं. म्हणून नियम तोंडपाठ करून वाद घालण्यापेक्षा संशयाला जागाच न ठेवणं शहाणपणाचं.

आणखी एक लक्षात घ्या. निवडणूक आपल्याकडे नसली तरी शेजारी असू शकते. कर्नाटकाची निवडणूक लागली की कागलहून निपाणीकडे जाताना कोगनोळीला, गोव्याची लागली की बांद्यापुढे पत्रादेवीला तपासणी असते. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातल्या व्यापाऱ्यांनी दोन्ही राज्यांच्या तारखांवर लक्ष ठेवावं. महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हाही आचारसंहिता असते. कागदांची तयारी सगळीकडे सारखीच.

पहिली पायरी: निघण्याआधी कागदांचं पाकीट

नाक्यावर प्रश्न तीनच असतात. पैसा कुणाचा? आला कुठून? चालला कुठे? या तिन्हींचं प्रत्येकी निदान एक कागदी उत्तर तुमच्या खिशात हवं. पहिल्या प्रश्नाला ओळखपत्र आणि पॅन. बाकीचे दोन माणसागणिक बदलतात, म्हणून एकेक घेऊ.

*बँकेतून काढलेली रक्कम.* ही सगळ्यात सोपी. पैसे काढल्याची पावती, पासबुकात त्याच दिवशी मारून घेतलेली नोंद आणि मोबाइलवरचा संदेश. संदेशावर एकट्यावर विसंबू नका, नाक्यावर फोनची बॅटरी संपलेली असू शकते. बंडलावरची बँकेची कागदी पट्टी फोडू नका. तिच्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख असते, आणि न फोडलेलं बंडल तुमच्या बोलण्याला मोठा आधार देतं. पतसंस्थेतून काढली असेल तर तिथल्या व्हाउचरची शिक्का मारलेली प्रत मागा. पतसंस्था ती सहसा स्वतःहून देत नाहीत, मागितली की देतात.

निवडणुकीच्या काळात बँकांनाही कळवण्याच्या सूचना असतात. गेल्या दोन महिन्यांत ज्या खात्यात तसा व्यवहार नाही, तिथे अचानक १ लाखाहून जास्त रोकड भरली किंवा काढली गेली आणि ते संशयास्पद वाटलं, तर बँक जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना कळवते. म्हणून लग्नासाठी मोठी रक्कम काढायची असेल तर शाखेत आधी सांगून ठेवा आणि कारण लेखी द्या.

*शेतमालाची रक्कम.* बाजार समितीतली हिशोबपट्टी, काटापावती आणि अडत्याचं नाव-परवाना क्रमांक असलेला कागद. वहीतल्या फाटक्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा चालत नाही. सोबत सातबाऱ्याची प्रत ठेवा, पीक पाहणीत त्या पिकाची नोंद असेल तर फारच चांगलं. बैलजोडी किंवा म्हैस विकली असेल तर बाजाराची खरेदी-विक्रीची पावती.

इथे एक सावधगिरी. शेतमाल विकूनही एका व्यापाऱ्याकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात ही मनाई आहे आणि तिच्यात दंड देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा. तीन लाखांची रोख पट्टी नाक्यावर दाखवली तर निवडणूक पथकाचं समाधान होईल, पण तोच कागद आयकर खात्यापुढे तुमच्या विरुद्ध जाईल. दोन लाखांपासून पुढची रक्कम खात्यावरच मागा.

*लग्नाची रक्कम.* लग्नपत्रिका, कार्यालयाची किंवा मंडपवाल्याची आगाऊ रकमेची पावती, सराफाचं अंदाजपत्रक. पैसे पाच नातेवाइकांकडून जमवले असतील तर प्रत्येकाने किती दिले याची सहीनिशी चिठ्ठी आणि ज्यांनी बँकेतून काढले त्यांच्या पासबुकाची झेरॉक्स. हे मागायला लोकांना अवघड वाटतं. आत्याकडे चिठ्ठी कशी मागायची? मागा. पैसे अडकले तर त्याच आत्याला तहसील कचेरीत जबाब द्यायला यावं लागेल.

*दवाखान्याची रक्कम.* डॉक्टरांची चिठ्ठी, दाखल केल्याचा कागद, खर्चाचा अंदाज. हे पाकिटाच्या सगळ्यात वर ठेवा, म्हणजे वेळ जाणार नाही.

*दुकानाचा गल्ला.* दिवसाची विक्री नोंदवलेली रोजकीर्द, जीएसटी नोंदणीची प्रत, आणि बँकेत भरायला निघाला असाल तर भरलेली स्लिप. नोकर पैसे नेत असेल तर मालकाच्या सहीचं पत्र हवं: या माणसाचं नाव अमुक, तो आज अमुक रक्कम अमुक बँकेत भरायला नेत आहे. पेट्रोल पंपावरची पोरं कित्येकदा असं पत्र नसल्यामुळेच अडकतात.

*मुकादमाची उचल.* इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पैसा कारखान्याचा किंवा वाहतूकदाराचा, नेणारा मुकादम, घेणारे वीस जोडपी, आणि प्रत्येकाला द्यायचे पैसे वेगळे. अनेकांना सारखे पैसे वाटायला निघालेला माणूस पथकाला नेमका कसा दिसणार? म्हणून करारनाम्याची प्रत, वाहतूकदाराचं रकमेसह पत्र आणि टोळीतल्या माणसांची गाववार यादी सोबत हवीच. त्याहून बरं म्हणजे ज्यांची खाती आहेत त्यांना खात्यावर द्या आणि रोख तेवढी कमी करा.

सगळ्यांसाठी सारखं एक काम: कोऱ्या कागदावर नोटांचा तपशील लिहा. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, एकूण किती. खाली तारीख आणि सही. त्याचा आणि बाकी सगळ्या कागदांचा फोटो काढून घरच्या कुणाला पाठवून ठेवा. मूळ कागद घरी, झेरॉक्सचे दोन संच गाडीत. एक संच पथकाकडे जाऊ शकतो.

आणि ज्या गाडीत पैसे आहेत त्या गाडीत कुठल्याही पक्षाचं उपरणं, झेंडा, पत्रकं, मतदार यादी काहीही नको. पुतण्या प्रचाराला जात असेल तर त्या दिवशी त्याला गाडीत घेऊ नका. वर सांगितलेली ५० हजारांची मर्यादा नेमकी अशाच गाडीला लागते.

दुसरी पायरी: नाक्यावर

भरारी पथक फिरतं असतं, स्थिर सर्वेक्षण पथक नाक्यावर बसतं. दोन्हींत दंडाधिकारी दर्जाचा एक अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा माणूस असतो. तपासणी कॅमेऱ्यासमोर व्हायची असते. हे तुमच्याच फायद्याचं आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला बिचकू नका. उलट रात्री आडरस्त्यावर साध्या कपड्यातली माणसं “निवडणुकीचं पथक” म्हणत गाडी थांबवत असतील आणि कॅमेरा नाही, गणवेशातला पोलीस नाही, ओळखपत्र दाखवायला तयार नाहीत, तर पैसे दाखवू नका. ११२ ला फोन लावा.

पथक खरं असेल तर गाडी थांबवा, काच खाली करा, पैसे आहेत का विचारलं तर आहेत म्हणून सांगा आणि रक्कम सांगा. लपवलेली रोकड सापडली की चांगल्या कागदांचंही वजन कमी होतं. सीटखाली, स्टेपनीत, धान्याच्या पोत्यात पैसे ठेवण्याची आपल्याकडे चोरांच्या भीतीने सवय असते. आचारसंहितेत ती सोडा.

पथकाने सौजन्याने वागावं असं आयोगाच्या सूचनेतच आहे. बाईची पर्स महिला अधिकारी असल्याशिवाय तपासायची नाही, हेही त्यात आहे. तशी वेळ आली तर शांतपणे सांगा की महिला अधिकाऱ्यांना बोलवा, आम्ही थांबतो.

पैसे तुमच्यासमोर मोजले जाऊ द्या. नजरेआड मोजायला नेऊ लागले तर “साहेब, मोजणी इथेच कॅमेऱ्यासमोर करा” असं स्पष्ट म्हणा. जे सांगाल ते एकच सांगा. पहिल्यांदा “ट्रॅक्टरसाठी”, मग “बहिणीच्या लग्नासाठी”, असं झालं की पुढे सगळ्या जबाबांत तो फरक चिकटून राहतो. एखादी गोष्ट आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि प्रकरण मिटवायला अधिकाऱ्याला पैसे देऊ करू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

कागद पटले तर पथक नोंद करून सोडतं. वहीत सही करायला सांगितली तर रक्कम बरोबर लिहिलीय का बघून सही करा.

तिसरी पायरी: जप्ती झालीच तर पंचनामा

इथे माणूस घाबरतो, रडकुंडीला येतो आणि मिळेल त्या कागदावर सही करतो. पण पैसे परत मिळण्याचं सगळं काम पुढे या एका कागदावर उभं राहणार आहे, म्हणून इथे वेळ घ्या. मागे गाड्यांची रांग लागली तरी चालेल.

पंचनाम्यात बघायच्या गोष्टी: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक. अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. पंचांची नावं आणि सह्या. नोटांचा मूल्यवार तपशील आणि एकूण रक्कम अंकी व अक्षरी. रक्कम कुठल्या पाकिटात सीलबंद केली. तुम्ही पैशांबद्दल काय सांगितलं ते, आणि तुम्ही कोणते कागद दाखवले त्यांची यादी. ही शेवटची गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. “कागदपत्रे सादर केली नाहीत” असं छापील वाक्य असेल आणि तुम्ही केली असतील, तर ते खोडून दुरुस्त करून घ्या. ऐकलं नाही तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: “मी हिशोबपट्टी व पासबुकाची प्रत दाखवली आहे.” कोऱ्या कागदावर सही मुळीच नाही.

पंचनाम्याची प्रत मागून घ्या. जप्तीविरुद्ध दाद कुठे मागायची, हे त्या कागदावर लिहिलेलं असावं आणि जप्तीच्या वेळी तुम्हाला तोंडीही सांगावं, अशी आयोगाची सूचना आहे. लिहिलेलं नसेल तर विचारा: जप्तीवर निर्णय घेणाऱ्या जिल्हा समितीचे निमंत्रक कोण, त्यांचा फोन क्रमांक काय? तो जाहीर करणंही प्रशासनावर बंधनकारक आहे. नाहीच मिळाला तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करून जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाचा संपर्क घ्या.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: गुन्हा नोंदवणार आहात का? पुढचा रस्ता याच उत्तरावर ठरतो.

चौथी पायरी: पैसे परत मागणं

गुन्हा नोंदवलेला नसेल तर जिल्ह्यातली तीन अधिकाऱ्यांची समिती निर्णय घेते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा निवडणूक कार्यालयातले खर्च संनियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. नोडल अधिकारी हेच निमंत्रक. मुंबई शहर आणि उपनगरात जिल्हा परिषद नाही, तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारा.

खरं तर या समितीने प्रत्येक जप्ती स्वतःहून तपासायची असते, तुम्ही अर्ज केला नाही तरी. पैशाचा उमेदवाराशी, पक्षाशी, प्रचाराशी संबंध नाही असं दिसलं तर कारणांसह लेखी आदेश काढून रक्कम लगेच परत करायची. पण “लगेच” या शब्दावर भरवसा ठेवून घरी बसू नका. दुसऱ्याच दिवशी अर्ज द्या. साधा, एक पानाचा, असा:

“मी अमुक, राहणार अमुक, व्यवसाय शेती. दिनांक अमुक रोजी अमुक नाक्यावर माझ्याकडील रु. १,८५,००० स्थिर सर्वेक्षण पथकाने जप्त केले. ही रक्कम माझ्या सोयाबीन विक्रीची असून सोबत बाजार समितीची हिशोबपट्टी, सातबारा व पासबुकाची प्रत जोडली आहे. ही रक्कम मी मुलीच्या लग्नखर्चासाठी नेत होतो, लग्नपत्रिका व कार्यालयाची पावती सोबत आहे. माझा कोणत्याही उमेदवाराशी किंवा पक्षाशी या रकमेबाबत संबंध नाही. माझ्याविरुद्ध गुन्हा नोंद नाही. रक्कम परत मिळावी.”

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. अडत्याने “होय, हा माल मी घेतला आणि इतके रोख दिले” असं पत्र दिलं तर ते जोडा. समितीने बोलावलं तर स्वतः जा, गावातल्या पुढाऱ्याला सोबत नेऊ नका. त्या दिवसांत पुढारी सोबत असणं हाच तुमच्या अर्जातल्या “संबंध नाही” या वाक्याला छेद आहे.

रक्कम १० लाखांहून जास्त असेल तर ती सोडण्याआधी आयकर खात्याच्या नोडल अधिकाऱ्याला कळवलं जातं, त्यामुळे थोडा वेळ लागतो. पण गुन्हा किंवा तक्रार नसेल तर मतदानाच्या तारखेनंतर ७ दिवसांहून जास्त काळ रक्कम कोषागारात किंवा मुद्देमालात अडकवून ठेवायची नाही, अशी आयोगाची स्पष्ट सूचना आहे. आठव्या दिवशी त्या सूचनेचा उल्लेख करून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, स्मरणपत्र द्या.

गुन्हा नोंदवला असेल तर समितीचा अधिकार संपतो. मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करावा लागतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. इथे वकील हवाच. न्यायालय हमीपत्रावर रक्कम ताब्यात देऊ शकतं, त्यामुळे खटला संपेपर्यंत वाट बघायची असं गृहीत धरू नका. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे मोफत वकील मिळतो.

आयकर खात्याने रक्कम ताब्यात घेतली तर

निवडणूक पथकाचा प्रश्न असतो, पैसा मतदारांसाठी आहे का. आयकर खात्याचा प्रश्न वेगळा: हे उत्पन्न हिशोबात दाखवलंय का. पहिल्याला समाधानकारक उत्तर दिलं म्हणून दुसरा सुटत नाही.

पोलिसांकडची रोकड आयकर खातं आपल्या ताब्यात मागून घेऊ शकतं. तसं झालं तर ज्या महिन्यात रक्कम ताब्यात घेतली तो महिना संपल्यापासून ३० दिवसांच्या आत पैशाचा स्रोत सांगून मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. ही मुदत चुकवू नका. स्रोत सांगता आला नाही तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर नेहमीच्या टप्प्यांचा आणि वजावटींचा फायदा न देता वेगळ्या, चढ्या दराने कर लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण ते शेतीचंच आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. हिशोबपट्ट्या म्हणूनच वर्षानुवर्षे जपायच्या.

कायद्याची पुस्तकं चाळणार असाल तर एक ध्यानात ठेवा: १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या लेखांतली कलमं जशीच्या तशी अर्जात उतरवू नका.

पाचवी पायरी: बँकेत भरताना

रोकड शेवटी बँकेत जाते, आणि नवखी माणसं सगळ्यात जास्त चुका इथे करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रक्कम तोडणं. एका दिवशी ५० हजारांच्या वर भरलं की पॅन द्यावा लागायचा, हा वर्षानुवर्षांचा नियम लोकांच्या डोक्यात इतका पक्का आहे की ते ४९ हजार आज, ४९ हजार उद्या, ४८ हजार बायकोच्या खात्यात असं करतात. बँकेची संगणकप्रणाली नेमका हाच नमुना शोधते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली बँकांना १० लाखांहून मोठे रोख व्यवहार, आणि एकमेकांशी जोडलेले छोटे छोटे व्यवहार महिन्याभरात मिळून तेवढे झाले तर तेही, दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावे लागतात. संशयास्पद वाटलेल्या व्यवहाराला तर रकमेची अटच नाही. आणि कळवलं आहे हे बँक तुम्हाला सांगू शकत नाही, तशी तिला कायद्यानेच मनाई आहे. खरा पैसा असेल तर पॅन देऊन एकाच वेळी सरळ भरा, स्लिपच्या मागे स्रोत लिहा: “तूर विक्री, पट्टी क्रमांक अमुक.” पॅन नसेल तर बँकेत त्याऐवजी घोषणापत्र भरून घेतात.

दुसरं, बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा जास्त रोकड जमा झाली की बँक ती माहिती आयकर खात्याला देते. चालू खात्याला हा आकडा ५० लाखांचा. इथे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च धरतात, आणि एकाच बँकेतली तुमची सगळी बचत खाती एकत्र मोजली जातात. माहिती गेली म्हणजे नोटीस आलीच असं नाही. विवरणपत्रातल्या उत्पन्नाशी ती जुळत नसेल तर प्रश्न येतो. आयकर संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरणपत्र बघता येतं, तुमच्या नावावर काय काय नोंदलं गेलंय ते त्यात दिसतं. एखादी नोंद चुकीची असेल तर तिथेच तसं कळवता येतं. विवरणपत्र भरण्याआधी ते एकदा उघडून बघा.

तिसरं, आणि हे मी कळकळीने सांगतो: दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात भरू नका. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत कित्येक गरीब माणसांच्या खात्यांतून दुसऱ्यांच्या नोटा जिरवल्या गेल्या, आणि नंतर प्रश्न विचारले गेले ते खातेदारांना. शेठ चांगला असो, भाऊबंद असो, “फक्त दोन दिवस तुझ्या खात्यात राहू दे” याला उत्तर एकच: नाही. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

उसनवारीचंही बघून घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेता येत नाही, परतही तसं करता येत नाही. जमिनीच्या व्यवहारातल्या इसाराला हीच मर्यादा आहे, आणि इसार पावतीवर “रोख रु. २ लाख मिळाले” असं बिनधास्त लिहिणारे अजून भेटतात. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र उत्पन्न कुणाचंच नसेल, तर रोखीत उसने घेण्याच्या नियमातून सूट आहे. तरी रकमेची चिठ्ठी करा.

नोटीस आली तर

आयकर खात्याच्या नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. संकेतस्थळावर तो टाकून नोटीस खरी आहे का ते आधी तपासा, कारण खोट्या नोटिसा पाठवून पैसे उकळणारेही आहेत. खरी असेल तर तिच्यात दिलेल्या तारखेच्या आत ऑनलाइनच उत्तर द्या. रक्कम, तारीख, स्रोत, आणि प्रत्येक स्रोताला एक जोडपत्र. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी तिथेच मुदतवाढ मागता येते. मुदत उलटून गेल्यावर उत्तर देण्याची खिडकी बंद झालेली असू शकते, मग तुमच्याकडे असलेल्या कागदांचा विचार न होताच आदेश निघतो. म्हणून आचारसंहितेत वापरलेलं ते पाकीट रक्कम बँकेत गेल्यावर फेकू नका. त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या प्रतीसोबत निदान सहा-सात वर्षं जपून ठेवा, आणि फिक्या पडणाऱ्या काटापावत्यांची झेरॉक्स आजच काढा.